भाड्याच्या घरात डॉबरमन आणताय?

पिल्लू बघायला जाण्याआधी भाडेकरार काढून वाचा. घरमालक तोंडी ‘चालेल’ म्हणाले तरी कुत्र्याच्या जातीचं नाव करारात लिहून घ्या. पूर्ण वाढलेला नर 40 ते 45 किलोचा होतो. ‘कुत्रा चालेल’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बरेचदा छोटं पामेरियन असतं. पुढचं घर शोधतानाही हाच प्रश्न येणार, हे धरूनच चाला.

हा कुत्रा माणसाला चिकटून राहतो. स्वयंपाकघरात गेलात की मागे, बाथरूममध्ये गेलात की दाराशी. दिवसभर एकटा कोंडलात तर भुंकेल, चौकट कुरतडेल, आणि तक्रार थेट घरमालकाकडे जाईल. म्हणून पिल्लू घरी रुळलं की लगेच थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा. अंगण नसलं तरी चालतं, पण रोज भरपूर पळणं आणि डोक्याला काम हवंच हवं.

या जातीत हृदयाचा आजार बराच आढळतो, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. पिल्लाच्या आईवडिलांच्या हृदयतपासणीचे कागद मागा. टाळाटाळ करणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका.

खरं सांगू? पहिलाच कुत्रा असेल, तर स्वभाव माहीत असलेला मोठा, दत्तक डॉबरमन मला जास्त पटतो. तो घरात एकटा कसा राहतो, हे आधीच विचारता येतं.