जूनमध्ये मुलीकडे ओहायोला येतोय, तीन दिवस मोकळे आहेत. शिकागो बघायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही साठीच्या पुढचे आहात, जूनमध्ये कोलंबसला लेकीकडे येताय, आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा ही तिकिटं काढून झाली आहेत. उरलेल्या तीन दिवसांत लेक म्हणते शिकागो, तर जावईबापू म्हणतात, "तिथे काय, नुसत्या इमारती. त्या न्यूयॉर्कला बघालच की."

जावईबापूंचं अर्धं बरोबर आहे. शिकागोत मुख्यतः इमारतीच आहेत. पण न्यूयॉर्कच्या इमारती माणूस मान वर करून, धक्के खात बघतो. शिकागोच्या इमारती बोटीत बसून, हातात चहाचा कागदी पेला घेऊन बघता येतात. साठीनंतर हा फरक लहान नाही.

मी या शहराच्या पश्चिमेच्या उपनगरात अकरा वर्षं राहतोय, त्याआधी चार वर्षं इंडियानात होतो. सांगलीहून येणारे आई-बाबा, सासू-सासरे, काका-काकू, मित्रांचे आई-वडील अशी बरीच मंडळी मी फिरवून आणली आहेत. त्यामुळे कोण खूश होऊन परत जातं आणि कोण "ठीक होतं" म्हणतं, याचा आता अंदाज आलाय. "पॉइंट" बघणारे निराश होतात. इथे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नाही, व्हाइट हाउस नाही, धबधबा नाही. ज्याच्यासमोर फोटो काढला की गाव बघून झालं असं म्हणता येईल ते एक चकचकीत स्टीलचं शिल्प सोडलं तर फारसं काही नाही. ज्यांना एखादं शहर कसं घडलं याची उत्सुकता असते आणि संध्याकाळी पाण्याकाठी नुसतं बसायला आवडतं, ते मात्र पुढची दोन वर्षं शिकागोबद्दल बोलत राहतात. तुम्ही यांतले कोण, ते तुम्हालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट महिन्याची. तुम्ही फेब्रुवारी लिहिलं असतं तर मी दोन ओळींत "नको" म्हणून मोकळा झालो असतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीत, नवा नवा उत्साह होता म्हणून. वारा असा की डोळ्यांतून पाणी आलं आणि पापण्यांवरच थिजलं. दिवसभर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, उबेला, एवढंच पाहिलं. जानेवारी 2019 मध्ये इथे उणे 30 अंशांच्या खाली पारा गेला होता. जून मात्र उत्तम. उजेड साडेआठपर्यंत असतो, शहर सहा महिन्यांच्या कैदेतून सुटल्यासारखं रस्त्यावर आलेलं असतं.

आता त्या "नुसत्या इमारतीं"बद्दल. ऑक्टोबर 1871 मध्ये मोठी आग लागली आणि शहराचा मधला भाग जवळजवळ जळून गेला. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली. लाकडी शहर होतं ते. त्यानंतर जमिनीचे भाव चढलेले, पोलाद हाताशी, लिफ्टही नुकतीच रुळलेली, आणि तरुण वास्तुविशारदांची रांग लागलेली. यांतून 1885 मध्ये इथे दहा मजल्यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली. तिचा भार जाड भिंतींवर नव्हता, आतल्या धातूच्या सांगाड्यावर होता. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून तिचंच नाव घेतात. ती 1931 मध्ये पाडली, पण तिच्या पुढच्या पिढ्या नदीच्या दोन्ही काठांवर ओळीनं उभ्या आहेत.

सगळ्यात उंच विलिस टॉवर, जुने लोक अजून सिअर्स टॉवरच म्हणतात. 442 मीटर, 110 मजले, 1998 पर्यंत जगात पहिला. तो उभा कसा राहायचा हे गणित सोडवणारा अभियंता होता फझलुर रहमान खान: जन्म बंगालातला, कोलकात्याजवळच्या शिबपूरला शिकलेला. नऊ चौकोनी नळकांडी एकत्र बांधली की कुठलंच एकटं वाऱ्याला बळी पडत नाही, ही त्याची कल्पना. खालून नीट बघितलंत तर काही नळकांडी मध्येच थांबलेली आणि दोनच टोकापर्यंत गेलेली दिसतात. माझे बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. टॉवरच्या खाली ते अर्धा तास उभे होते, आणि आई शेजारच्या बाकावर जांभया देत होती. वर जायचं तिकीट काढू नका, हा माझा सल्ला. आम्ही एका मनोऱ्यावर माणशी बरेच डॉलर मोजून गेलो तर चारी बाजूंनी ढग. महाबळेश्वरला पावसाळ्यात पॉइंट बघायला गेल्यासारखं.

त्या पैशांत नदीवरची वास्तुकलेची बोटफेरी करा. साधारण दीड तासाची असते, मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाजवळून सुटते, आणि सोबतचा माणूस एकेका इमारतीची कुंडली मांडतो. इंग्रजी भराभर असतं, तेव्हा लेकीला शेजारी बसवा.

ती नदीच मुळात बघण्यासारखी आहे, कारण ती उलटी वाहते. पूर्वी शहराची घाण नदीत, नदी मिशिगन सरोवरात, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. कॉलरा, टायफॉइड हे ओघानं आलंच. मग या लोकांनी 28 मैलांचा खोल कालवा खणला आणि 1900 मध्ये नदीचं तोंड फिरवलं. सरोवराचं पाणी नदीत शिरायला लागलं आणि घाण मिसिसिपीच्या दिशेनं निघाली. खालच्या अंगाला असलेलं मिझुरी राज्य साहजिकच भडकलं, थेट सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 1906 मध्ये हरलं. पाण्यावरून राज्याराज्यांत भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. त्याच्याही आधी, 1850 ते 60च्या काळात, सांडपाण्याच्या नळांना उतार मिळावा म्हणून यांनी उभ्या इमारतीच जॅक लावून उचलल्या होत्या. लेक स्ट्रीटवरची दुकानांची अख्खी रांग सहा हजार स्क्रू-जॅकवर चार-पाच फूट वर घेतली, आणि आत धंदा चालूच. बाबांना टॉवरपेक्षा ही गोष्ट जास्त आवडली.

सरोवराचं काय सांगू. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, काठानं 18 मैलांची पायवाट आहे. आई मूळची मालवणची. काठावर उभी राहून तिनं बराच वेळ हुंगलं आणि म्हणाली, "मासळीचा वास नाय, खारेपणा नाय, ह्यो कसलो समुद्र?" पण संध्याकाळी तिथून उठायला तीच तयार नव्हती. हे सगळं फुकट आहे.

फुकटवरून आठवलं. लिंकन पार्कातलं प्राणिसंग्रहालय फुकट. कल्चरल सेंटर फुकट, आणि तिथलं 1897 चं रंगीत काचांचं घुमट आवर्जून बघा. शिवाय तिथली स्वच्छतागृहं चांगली आहेत. आपल्या वयाच्या मंडळींना शहरात फिरताना या माहितीची किंमत घुमटापेक्षा जास्त असते, म्हणून लिहिलं. समोरच मिलेनियम पार्क. स्टीलचं शिल्प म्हटलं ते तिथलंच: नाव क्लाउड गेट, पण सगळे बीन म्हणतात, आणि दिसतंही पालथ्या घेवड्याच्या दाण्यासारखं. अनीश कपूर यांचं, म्हणजे जन्मानं मुंबईकर माणसाचं. 168 पत्रे जोडले आहेत, पण सांधा शोधून सापडत नाही.

आर्ट इन्स्टिट्यूट फुकट नाही, पण तिथे पैसे खर्च करा. शिकागो म्हटलं की आपल्याकडच्या प्रत्येकाला स्वामी विवेकानंद आठवतात. 11 सप्टेंबर 1893 चं ते भाषण याच इमारतीत झालं. समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या तुकड्याला स्वामींचं नाव दिलेलं आहे, पाटी बघा. तेव्हाचं सभागृह मात्र आता उरलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण माझे एक काका तिथल्या पहारेकऱ्याला "ते व्यासपीठ कुठे" असं विचारत फिरले आणि फार हिरमुसले. 2010 मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांत उमटवलं होतं. आणखी एक, सहसा कुणी सांगत नाही ते: त्याच सर्वधर्म परिषदेत मुंबईहून ब्राह्मो समाजातर्फे आलेले बी. बी. नगरकरही होते, भारतातल्या समाजसुधारणेवर बोलले. त्यांच्या नावाची पाटी नाही. चित्रांसाठी दोन-तीन तास पुरतात, पण सरा या फ्रेंच चित्रकाराचं ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं नदीकाठचं मोठं चित्र आधी लांबून आणि मग जवळून बघा.

मराठी माणसाला इथे आणखी एक धागा सापडतो. आपल्याला 1 मे ची सुट्टी असते ती महाराष्ट्र दिनाची आणि कामगार दिनाचीही. यातला कामगार दिन शिकागोतून आला. 1 मे 1886 ला आठ तासांच्या दिवसासाठी इथे संप झाला, 4 मे ला हेमार्केटच्या सभेत बॉम्ब पडला, पुढे चौघांना फाशी झाली. त्या जागी डेसप्लेन्स स्ट्रीटवर एक शिल्प आहे. गंमत म्हणजे ज्या गावात हे घडलं तिथे 1 मे ला सुट्टी नसते. अमेरिकेचा कामगार दिन सप्टेंबरात. शिल्प बघायला पाच मिनिटं लागतात, मुद्दाम वाट वाकडी करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी केली होती.

खाण्याचं थोडक्यात. डीप डिश पिझ्झा एकदा खा, चौघांत एक मागवा, आणि भूक लागायच्या आधी मागवा, कारण भाजायलाच पाऊण तास लागतो. चीज खाली, टोमॅटो वर, खोलगट भांड्यात. बाबा म्हणाले, "याला पिझ्झा म्हणायचं तर पुरणपोळीला चपाती म्हणायला काय हरकत आहे?" पालकाचा मिळतो, शाकाहारी असाल तर तो. घरच्या जेवणाची आठवण झालीच तर डेव्हन अव्हेन्यू आहे. त्याच्या एका तुकड्याला गांधींचं नाव, एकाला जिनांचं, आणखी एकाला इस्रायलच्या गोल्डा मेयर यांचं. फाळणी, इस्रायल, सगळं एका रस्त्यावर गुण्यागोविंदानं भाजी विकतंय. डोसा, चाट, छोले मुबलक. मराठी जेवणाची अपेक्षा ठेवू नका. साबुदाण्याची खिचडी लेकीकडेच.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बातम्या वाचून मनात असेलच. गोळीबाराच्या बातम्या खोट्या नसतात. त्यातल्या बऱ्याच दक्षिण आणि पश्चिमेच्या ठराविक वस्त्यांतल्या असतात, जिथे तुमचं काही काम नाही. लूप (म्हणजे शहराचा मधला भाग), मिशिगन अव्हेन्यू, सरोवराचा काठ इथे गर्दीत असायची ती सावधगिरी पुरे. रात्री दहानंतर रिकाम्या डब्यातून लोकलनं जाऊ नका, तेव्हा टॅक्सी करा. दिवसा मात्र लोकलनं जाच. तिला इथे "एल" म्हणतात, ती लोखंडी खांबांवरून, लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांजवळून खडखडत जाते.

खर्च खरा हॉटेलचा. खोलीवर 17 टक्क्यांहून जास्त कर लागतो, आणि तो पहिल्या पानावर दाखवलेल्या भावात धरलेला नसतो. मध्यवर्ती भागात गाडी उभी करायचेच रात्रीला पन्नास-साठ डॉलर जातात. त्यातून तुमचं येणं गाडीनंच होणार, कारण कोलंबसहून शिकागोला प्रवासी रेल्वे नाही. सहा तास लागतात, बहुतेक वाट इंडियानातल्या मक्याच्या शेतांतून, आणि ती कंटाळवाणी आहे हे मान्य करतो. शनिवार-रविवार टाळलात तर हॉटेल बरंच स्वस्त पडतं.

म्हणून माझं म्हणणं: या, पण तीन दिवस पूर्ण देणार असाल तरच. येण्याजाण्याचे दोन दिवस त्या तिनांत धरू नका, ते वेगळे काढावे लागतील. एका दिवसात उरकायचं असेल तर जावईबापूंचं ऐका आणि लेकीकडे आराम करा.

येणार असाल तर रविवारी सकाळी निघा. घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे दुपारी पोहोचाल, संध्याकाळ सरोवरावर. सोमवारी आर्ट इन्स्टिट्यूट, कारण मंगळवार-बुधवार ते बंद असतं (तरी निघण्याआधी वेळा एकदा बघून घ्या). मंगळवारी बोट आणि पायी फिरणं. बुधवारी दिवसा डेव्हन किंवा प्राणिसंग्रहालय, आणि संध्याकाळी मिलेनियम पार्कात फुकट वाद्यवृंद असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. हिरवळीवर बसून ऐकायचं, घरचा डबा नेलेला चालतो. गुरुवारी सकाळी परत.

जून असला तरी दोघांचे स्वेटर आणा, सरोवरावरून वारा सुटला की तासाभरात गारठा पडतो. आणि हिरवळीवर अंथरायला एक जुनी चादर लेकीकडून उचला. आम्ही विसरलो होतो, आणि बाबा दोन तास आईच्या ओढणीवर बसले होते.