सगळं छान आहे, मग रडू का येतं?

‘मॅडम, तक्रार करण्यासारखं काहीच नाही हो.’

न्यू जर्सी असो, डॅलस असो की सिएटल, नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत गेलेल्या मुलींचं माझ्याशी, म्हणजे त्यांच्या समुपदेशकाशी, बोलणं याच वाक्यानं सुरू होतं आणि पाचेक मिनिटांत डोळे पुसण्यावर येतं. गेल्या महिन्यात अशा तिघीजणी झाल्या, म्हणून एक जुनी हकीकत लिहितेय. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ती दंतवैद्य. लग्नाआधी चार वर्षं सांगलीकडे स्वतःचा दवाखाना चालवलेला. पुण्यात माझे संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे सकाळचे साडेआठ. नवरा ऑफिसला गेला की ती लॅपटॉप उघडायची.

‘नवरा समजूतदार आहे. घर छान आहे. आई म्हणते, तुला काय कमी आहे? खरंच काही कमी नाही. मग मी इतकी कृतघ्न कशी?’

माझा कल विवेकनिष्ठ पद्धतीकडे, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीकडे. माणसाच्या मनातला ‘च’ मला लगेच ऐकू येतो. ‘मी काम केलंच पाहिजे’ हा तिचा ‘च’ पकडून पहिल्या दोन भेटी मी त्याच्याच मागे लागले. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवायची, ‘हो मॅडम’ म्हणायची आणि पुढच्या वेळी आणखी सुकलेली दिसायची.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, ‘इथून जाताना काय काय नेलंस?’

कुकर, मेतकूट, आजीचा करंडा... आणि ती थांबली. उठून आत गेली. जाडजूड कोटांखालून स्टीलचा एक डबा काढून आणला. आत माउथ मिरर, प्रोब, चिमटा.

‘दर महिन्याला उकळून, पुसून ठेवते.’

‘कशासाठी?’

‘गंजू नयेत म्हणून.’ मग तीच हसली. ‘स्टील कसलं गंजतंय, मॅडम!’ हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं रडल्याबद्दल ‘सॉरी’ म्हटलं नाही.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की मी चुकीच्या जागी खणत होते. तिच्यासमोरची भिंत खरीच होती. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, तर ती एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर. 2015 पासून काही एच-4 जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, पण साधारणपणे नवऱ्याचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज मंजूर झाल्यावर. तोवर नोकरी करणं बेकायदा. शिवाय नुसत्या आपल्याकडच्या बीडीएस या दंतवैद्यकीच्या पदवीवर तिथे बहुतेक ठिकाणी दवाखाना थाटता येत नाही. पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज आणि त्याचा न परवडणारा खर्च. अशा वेळी दुःख होणं अगदी रास्त. रास्त नव्हतं ते या दुःखाबद्दल स्वतःला कृतघ्न ठरवणं. माझ्या पद्धतीत खंत आणि खचणं यांत फरक करतात. शिकवताना मी तो शंभरदा सांगितला असेल, पण खरा दिसला त्या डब्यात.

पुढच्या भेटी सोप्या गेल्या. ‘माझा दवाखाना गेला, त्याचं मला वाईट वाटतं’ हे वाक्य ती ‘पण’ न जोडता म्हणायला शिकली. दुःखाला जागा मिळाली तशी बाकीच्यालाही मिळाली. गाडीचं लायसन्स काढलं (एच-4 वर ते मिळतं, शिकताही येतं; कितीजणींना हे ठाऊकच नसतं). वाचनालयात आठवड्यातून दोनदा लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागली.

नवरेमंडळींना एक सांगते. ‘कंटाळलीस का? मॉलमध्ये जाऊन ये’ हे उत्तर नाही. तिला कंटाळा आलेला नसतो, तिचं काहीतरी गेलेलं असतं. नुसतं विचारा, दवाखान्यातला एखादा दिवस सांग ना. आणि झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर तिथल्याच डॉक्टरांना गाठा. पुण्यातल्या मॅडमवर विसंबू नका. जीव नकोसा वाटला तर तिथे 988 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आयांना मात्र मी फार काही सांगत नाही. ही मुलगी रोज रात्री आईला ‘सगळं छान’ असं कळवायची. शेवटच्या भेटीत तिनं सांगितलं, की आदल्या दिवशी ती बोलून गेली, ‘आई, आज छान नाहीये.’

‘मग? आई काय म्हणाल्या?’

‘म्हणाली, थांब, गॅस बंद करून येते.’