आउटबोर्डचा ब्रँड बदलताय? आधी एवढं बघा

नवं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवायचं इंजिन घेताय, अभिनंदन! पण समजा यामाहावरून सुझुकीवर जाताय, तर जुनं सामान चालेल असं धरू नका. पेट्रोलच्या नळीचा कनेक्टर ब्रँडप्रमाणे वेगळा असतो. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतल्या खाचा जुळतीलच असं नाही, रिमोटची वायरिंग तर बहुधा नाहीच. इंजिनासोबत हे सगळं दरात धरून मागा.

होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा: १५ इंचाला शॉर्ट शाफ्ट (इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा दांडा), २० ला लाँग. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं.

सर्वांत महागाची चूक तेलाची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच तेल मिसळायची सवय असलेले फोर-स्ट्रोकच्या टाकीतही तेल मिसळतात. मिसळायचं नाही, तेल इंजिनात वेगळं भरतात. जुनं मिश्रण टाकीतून पूर्ण काढा.

- पहिले १० तास पुस्तिकेप्रमाणेच वेग ठेवा.
- पहिली सर्व्हिस २० तासांना, गिअर ऑइलसह.
- रोज इंजिन आतून गोड्या पाण्यानं धुवा. मिठानं पाण्याच्या वाटा बुजतात, इंजिन तापतं.

आणि खरेदीआधी हर्णै किंवा मालवणच्या धक्क्यावर तेच मॉडेल वापरणारे गाठा. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चक्र) कुठे मिळतो, मिस्त्री कोण, हे त्यांनाच विचारा. जवळ मिस्त्री नसेल, तर तो ब्रँड घेऊ नका.