पक्ष नकोत म्हणणाऱ्यांचे दोन पक्ष

प्रश्न : आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीच्या निवडणुकीत ‘पॅनेल’ नकोत असे सर्वानुमते ठरले होते, तरी अर्ज भरण्याच्या दिवशी दोन पॅनेल तयार होती. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की, अमेरिकेतही सुरुवातीला हेच झाले आणि तिथे तर अध्यक्ष एका पक्षाचा व उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा आला. हे खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : खरे आहे. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात पक्षीय वैराबद्दल देशाला बजावले. परंतु तोवर तट पडले होते, तेही त्यांच्याच मंत्रिमंडळात. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या शिरावर घेतली आणि राष्ट्रीय बँक काढली. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन कर्जांच्या तडजोडीत आधी सामील झाले आणि मागाहून पस्तावले; बँकेला मात्र घटनेत आधार नाही, असे त्यांनी तेव्हाच लेखी कळवले. १७९१ मध्ये त्यांनी कवी फिलिप फ्रेनो यांना आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक नेमले, आणि हेच गृहस्थ बाहेर सरकारवर तुटून पडणारे वर्तमानपत्र चालवू लागले! हॅमिल्टनही मागे नव्हते. त्यांच्या बाजूच्या पत्राला सरकारी छपाईची कामे मिळत.

आता उपाध्यक्षांविषयी. अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेला प्रत्येक निर्वाचक दोन नावे लिही, पण कोणते नाव कोणत्या पदासाठी हे नोंदवण्याची सोयच नव्हती. अधिक मतांचा अध्यक्ष, त्याखालचा उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ मध्ये हॅमिल्टन यांच्या बाजूचे जॉन अ‍ॅडम्स ७१ मतांनी अध्यक्ष झाले आणि ६८ मते मिळवणारे विरोधी जेफर्सन उपाध्यक्ष. अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा केला, तेव्हा अध्यक्ष आणि काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) यांची बदनामी गुन्हा ठरली. उपाध्यक्षांना मात्र त्यात संरक्षण नव्हते.

१८०० मध्ये जेफर्सन यांच्या पक्षाने शिस्त इतकी चोख पाळली की जेफर्सन आणि त्यांचेच सहकारी आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. बरोबरी झाल्याने निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे ३६ वेळा मतदान झाल्यावर, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफर्सन निवडून आले. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मत देण्याची तरतूद केली. पक्ष हा शब्द मात्र त्या दुरुस्तीतही आलेला नाही.