उरलेली, मुदत संपलेली औषधं घरातून कशी काढायची?

घरातल्या आजारी माणसाच्या उरलेल्या गोळ्या-सिरप टॉयलेटमध्ये ओतून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक औषधांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. सांडपाणी प्रक्रियेत औषधं पूर्ण निघत नाहीत, ती नदीत जातात. अँटिबायोटिक्समुळे तर औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात.

आधी जवळच्या केमिस्टला विचारा, काही जण परत घेतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' ठरवली होती, म्हणून ती ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी बांधून, घंटागाडीवाल्यांना सांगून द्या.

तीही सोय नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढा, वापरलेली चहापत्ती किंवा मातीत कालवा, सिरपही त्यातच ओता, पिशवी घट्ट बांधा. रिकामी स्ट्रिप कात्रीने कापा आणि बाटलीचं लेबल फाडा, म्हणजे कोणी पुन्हा विकणार नाही. अख्खी स्ट्रिप कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्यांची लहान मुलंही सोबत असतात.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. इनहेलर जाळू किंवा फोडू नका.

एक अपवाद मात्र नीट वाचा. कॅन्सरच्या रुग्णाचे फेंटानिल पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या), मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी तीव्र वेदनाशामकं घरात असतील तर ती पडून राहणंच जास्त धोक्याचं. चुकून एकदा घेतलं तरी जीव जाऊ शकतो. २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने अशा १७ औषधांची यादी दिली, फक्त ती फ्लश करायची.