स्पर्धा संपल्यावर पाळतीचे काय होते?

प्रश्न : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली होती, असे वाचले. हे कॅमेरे प्रेक्षकांचे चेहरे ओळखत होते का? आणि स्पर्धा संपताच ही व्यवस्था बंद झाली का?

उत्तर : चेहरे ओळखण्यास या व्यवस्थेला कायद्यानेच मनाई होती. फ्रान्सने १९ मे २०२३ रोजी ऑलिंपिकसाठी केलेल्या कायद्याच्या दहाव्या कलमान्वये कॅमेऱ्यांच्या चित्रणाचे संगणकाकडून विश्लेषण करण्यास प्रायोगिक परवानगी मिळाली, आणि संगणकाने नेमके काय टिपायचे हेही ठरवून दिले गेले : बेवारस वस्तू, शस्त्र, आग, जमिनीवर पडलेली व्यक्ती, मनाई असलेल्या जागेत शिरकाव, उलट दिशेने जाणे, गर्दीची घनता आणि गर्दीची अचानक हालचाल. संगणकाने केवळ इशारा द्यायचा आणि पुढचा निर्णय माणसाने घ्यायचा, अशी ही रचना होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. पॅरालिंपिक ८ सप्टेंबर २०२४ रोजी संपले, तरी प्रयोगाची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती, आणि तो मोठ्या गर्दीच्या इतर क्रीडा, मनोरंजन व सांस्कृतिक कार्यक्रमांनाही लागू होता. म्हणजे ऑलिंपिकचे नाव पुढे करून केलेली ही तरतूद मुळातच ऑलिंपिकपेक्षा मोठी होती. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला मूल्यमापन समितीचा अहवालही फारसा उत्साहवर्धक नव्हता. मनाई असलेल्या जागेत कोणी शिरले तर यंत्रणेला ते बऱ्यापैकी कळत असे. परंतु बेवारस सामान ओळखताना तिचा वारंवार गोंधळ उडे आणि कचऱ्याचे डबे किंवा बाकसुद्धा तिला संशयास्पद वाटत. तरीही सार्वजनिक वाहतुकीच्या सुरक्षेविषयीच्या एका विधेयकातून २०२७ पर्यंत मुदतवाढ देण्याचा प्रयत्न झाला. ही तरतूद मूळ विधेयकाच्या विषयात बसत नाही, या कारणावरून फ्रान्सच्या संविधान परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये ती रद्द केली. त्यानंतर २०३० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या विधेयकात मुदतवाढीचा प्रस्ताव पुन्हा आलाच.

माझ्या मते, कॅमेऱ्यांची चर्चा जितकी झाली तितकी माणसांवर थेट लादलेल्या निर्बंधांची झाली नाही. १८ जुलैपासून २६ जुलैच्या उद्घाटन सोहळ्यापर्यंत सीन नदीच्या काठावरील सुरक्षा क्षेत्रात जाण्यासाठी तेथील रहिवाशांनाही क्यूआर कोडचा परवाना काढावा लागला, आणि तो मिळण्याआधी अर्जदाराची पार्श्वभूमी तपासली जात असे. याहून कठोर उपाय म्हणजे २०१७ च्या दहशतवादविरोधी कायद्याखालील व्यक्तिगत आदेश. ज्याच्यावर असा आदेश बजावला जाई, त्याला आपले गाव किंवा ठरवून दिलेला परिसर सोडता येत नसे आणि पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. त्यासाठी खटला किंवा दोषसिद्धी आवश्यक नव्हती. स्पर्धेच्या काळात असे शेकडो आदेश निघाले, आणि त्यांतले काही न्यायालयांनी पुढे स्थगित केले. कॅमेऱ्याच्या चुकीच्या इशाऱ्याने फार तर एखाद्या पोलिसाचा फेरा वाया जातो. येथे मात्र गुप्तचर टिपणातील एका संशयामुळे माणसाची नोकरी धोक्यात येऊ शकते.

प्रश्न : १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकवर जो दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर अशा पाळतीला आक्षेप कसा घेता येईल?

उत्तर : आक्षेप सुरक्षेला नाही. म्युनिकमध्ये अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक आणि एक जर्मन पोलीस मारला गेला, आणि त्यानंतर प्रत्येक यजमान देशाला सुरक्षेचा नव्याने विचार करावा लागला, हे योग्यच होते. पण तिथे नेमके काय चुकले ते पाहावे. हल्लेखोर कुंपणावरून चढून क्रीडाग्रामात शिरले. हल्ल्याची पूर्वसूचना जर्मन यंत्रणांना काही आठवडे आधी मिळाली होती, हेही पुढे उघड झाले. ओलिसांना घेऊन हल्लेखोर ज्या फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर गेले, तिथे आठ हल्लेखोरांसमोर केवळ पाच नेमबाज होते आणि त्यांच्याकडे बिनतारी संपर्काची साधने नव्हती. उणीव होती ती तयारीची आणि हाती आलेल्या माहितीवर कृती करण्याची. म्हणूनच पश्चिम जर्मनीने त्याच महिन्यात ‘जीएसजी ९’ हे विशेष पथक उभारण्याचा निर्णय घेतला.

पाळतीच्या साधनांचा धोका समजून घ्यायचा असेल, तर अथेन्सकडे पाहावे. २००४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास व्होडाफोन ग्रीसच्या जाळ्यात कायदेशीर संभाषणश्रवणासाठी असलेली सुविधा अज्ञात व्यक्तींनी गुपचूप सुरू केली आणि पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकले गेले. मार्च २००५ मध्ये हे कंपनीच्या लक्षात आले, तर जनतेला ते फेब्रुवारी २००६ मध्ये समजले. दार सरकारसाठी ठेवलेले होते. आत भलताच कोणी शिरला.

प्रश्न : परदेशात स्पर्धा पाहायला जाताना सक्तीचे अ‍ॅप घ्यावे लागले तर काय करावे?

उत्तर : कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी जर्मनीच्या विदा (डेटा) संरक्षण आयुक्तालयाने दिलेला सल्ला उपयोगी आहे : अगदीच आवश्यक असेल तरच अ‍ॅप घ्यावे आणि शक्य असल्यास त्यासाठी वेगळा फोन वापरावा. त्या फोनवर स्वतःचे संपर्क, छायाचित्रे किंवा ईमेल ठेवू नयेत आणि परतल्यावर तो पूर्णपणे पुसून टाकावा.