चट्टा दिसतो, पण तपासणी निगेटिव्ह : लाइम आजाराबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई (वय ६४) मे महिन्यात भावाकडे न्यू जर्सीला गेली होती. रोज सकाळी त्याच्या मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत काम करायची. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात परतली, तेव्हा डाव्या गुडघ्याच्या मागे लालसर-तपकिरी चट्टा होता. तो वाढत तळहाताएवढा झालाय. खाज नाही. इथल्या डॉक्टरांनी गजकर्ण समजून मलम दिलं. आता अंग दुखतं, संध्याकाळी कणकण येते. भावाला लाइमची शंका आली म्हणून रक्त तपासलं, ते निगेटिव्ह आलं. काही चावल्याचं आईला आठवत नाही. म्हणजे लाइम नाही ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तसं समजू नका. आईंना आजच फिजिशियनकडे न्या आणि आत गेल्यागेल्या सांगा, की त्या मे-जूनमध्ये न्यू जर्सीत होत्या आणि रोज बागेत काम करत होत्या. लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार आहे आणि आपल्याकडे तो फार क्वचित नोंदला जातो. प्रवासाचं कळलं नाही, तर इथल्या चांगल्या डॉक्टरांच्याही तो मनात येणार नाही.

मी बरीच वर्षं कनेक्टिकटमध्ये प्रॅक्टिस केली. ज्या लाइम गावावरून आजाराला नाव मिळालं, ते त्याच राज्यात आहे. उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे आलेले आपले आजी-आजोबा असे चट्टे घेऊन माझ्याकडे यायचे. पुस्तकांत या चट्ट्याचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात : लालभडक, मध्ये पांढुरकं वर्तुळ. आपल्या सावळ्या रंगावर तो काळपट, जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि मधलं वर्तुळ कित्येकदा नसतंच. रंगामुळे निदान हुकावं, याचा मला आजही राग येतो. म्हणून आकार आणि वाढ बघा. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा, दिवसागणिक पसरणारा, सपाट, हाताला किंचित गरम लागणारा आणि सहसा न खाजणारा चट्टा हा लाइमचा असू शकतो. गजकर्ण खाजतं, त्याची कड उठावदार असते आणि तिच्यावर कोंडा धरतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे लाइमचा चट्टा काही आठवड्यांनी आपोआप मावळतो. मग मलमाने गुण आला असं वाटतं आणि जंतू मात्र अंगात राहतात.

आता रिपोर्टचं. ही तपासणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना निम्म्याहून अधिक रुग्णांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच जिथे हा आजार आहे तिथून आलेल्या माणसाला असा चट्टा असेल, तर अमेरिकेत रक्ताची वाट न पाहता उपचार सुरू करतात. पावसाळ्यात पुण्यात ताप म्हटल्यावर डेंगी-मलेरिया तपासतीलच, जरूर तपासू द्या. रक्ताची काच बघणाऱ्यांनाही प्रवास सांगा. लाइमची गोचीड बबेसिया नावाचा परजीवीही देते. काचेवर तो मलेरियासारखा दिसतो आणि त्याची औषधं वेगळी असतात.

चावल्याचं आठवत नाही, यात नवल नाही. मे ते जुलैत चावणारी गोचीड पिल्लावस्थेत, खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावताना दुखत नाही. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, परकराची नाडी बसते तिथे ती चिकटते.

उपचार साधा आणि स्वस्त आहे : डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १० दिवस. ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन १४ दिवस. औषध तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. आईंचे मूत्रपिंड, यकृत, चालू गोळ्या ते बघतील. त्या कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असतील, तर ती आणि डॉक्सिसायक्लिन यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ऊन टाळायचं. पहिल्या दिवशी ताप थोडा वाढला तर घाबरून औषध बंद करू नका.

चक्कर, धडधड, धाप, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, मान ताठणं यांतलं काहीही झालं तर थेट रुग्णालयात जा आणि ईसीजी काढून घ्या. हा जंतू हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आणू शकतो. उपचार राहून गेले तर काही महिन्यांनी गुडघा सुजतो. तोही बरा होतो, पण गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

चट्ट्याचा रोज फोटो काढा, तारखा लिहून ठेवा. १९७५ साली लाइम गावातल्या पॉली मरे या आईने घरातल्या आणि शेजारच्या आजाराच्या नोंदी ठेवल्या होत्या. मुलांचा संधिवात म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीकडे येल विद्यापीठाचं लक्ष गेलं, त्यात अशा आयांच्या चिकाटीचा वाटा आहे. जंतू पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीत सापडला.

प्रश्न : मुलाच्या (वय ७) कानामागे गोचीड चिकटलेली दिसली. सासूबाई तेल लावून सुटते म्हणतात. काय करू?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तेल नको, नेलपॉलिश नको, काडीचा चटका तर अजिबात नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. मग साबणाने धुवा. लाइमचा जंतू अंगात जायला सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं. ती ३६ तास किंवा जास्त चिकटली असावी असं वाटलं, रक्ताने फुगलेली असली, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजनानुसार डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देता येतो. नंतर ३० दिवस अंगावर चट्टा येतो का बघा, केसांतसुद्धा.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत गोचिडी खूप. आम्हालाही लाइम होईल का?
— एक बागायतदार, दोडामार्ग

उत्तर : दादा, तुमच्या भागात गोचिडीचं खरं भय माकडतापाचं आहे. तो विषाणूचा आजार आहे, त्याच्यावर वरची औषधं चालत नाहीत. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला आणि २०१६पासून सिंधुदुर्गात आहे. नेमका काजूच्या हंगामात वाढतो. एकदम चढलेला ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि बागेत गेलो होतो हे सांगा. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्राला कळवा.